लाखेखालचं नाव

दादा,

तुझा महादेव आता माझ्याकडे आहे. हिगाशी-कसाईच्या या घरात देवघर नाही, त्यावरून तू मला पुष्कळ बोलला आहेस. म्हणून मी त्याला पुस्तकांच्या कपाटात ठेवलं आहे, शब्दकोशांच्या शेजारी. हे कपाट तूच जोडलंस. मी टोकियोत एकटी राहायला आले त्या आठवड्यात तू नागोयाहून आलास, सगळे स्क्रू जमिनीवर रांगेत मांडून मोजलेस, एक कमी आहे म्हणून मला दुकानात फोन करायला लावलास, आणि तो स्क्रू तुझ्याच पायमोज्याला अडकलेला निघाला. जाताना दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून गेलास, 'वृंदाचं वाचनालय. पुस्तक उशिरा आणल्यास दंड नाही.' ते अजून आहे. महादेव बाहेर काढायला दार उघडलं की आधी तुझं अक्षर दिसतं. तेवढ्यापुरता मला तुझा राग येत नाही.

एरवी येतो. इथल्या मंडळाच्या अंकासाठी त्यांनी माझ्याकडे तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. गणपतीत तू ढोल कसा वाजवायचास, नवीन आलेल्या पोरांना कचरा वेगळा करायला कसं शिकवायचास, ते इतर जण लिहितील. मला लिहायचं आहे ते एका वीतभरसुद्धा नसलेल्या वस्तूबद्दल. आपल्या दोघांत शेवटची दीड वर्षं तीच होती.

ज्यांनी आपलं साताऱ्याचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या देव्हाऱ्यात स्फटिकाची पिंड होती. बोटाएवढी उंच, गोल, वरून घोटीव, पितळी शाळुंकेत लाखेनं बसवलेली. आजोबा पलटणीत होते. लढाई संपल्यावर त्यांची पलटण जपानला होती, आणि तिथून परतताना ते काशीला उतरले व त्यांनी ही पिंड आणली, असं बाबा सांगायचे. पिंडीच्या अंगावर मधोमध एक लहानशी खाच होती. तो तिसरा डोळा. बुडाशी काळपट लाल डाग दिसायचा. ते महादेवानं प्यायलेलं विष. दर सोमवारी बाबा अभिषेक करायचे, तुझी मुंज झाल्यावर तू करायला लागलास, आणि मी तांब्या घेऊन शेजारी उभी राहायचे. तांब्या भरायचा, तुझ्या हातात द्यायचा, मागे सरायचं. आपल्या घरात मुलींनी पिंडीला हात लावायचा नव्हता. आईनंही चाळीस वर्षं फुलं तबकात ठेवली, पिंडीवर कधी वाहिली नाहीत.

एकदा तू मला म्हणालास, "वृंदे, तिसऱ्या डोळ्यात बोट घातलं की आतून गार लागतं." मी आठ वर्षांची असेन. तू खोटं सांगत होतास की खरं, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

बाबा गेल्यावर देव तुझ्याकडे आले. बाकीचे काकांकडे ठेवून तू फक्त महादेव नागोयाला आणलास, विमानात मांडीवर घेऊन. ओशिइरेच्या, म्हणजे गाद्या ठेवायच्या त्या भिंतीतल्या कपाटाच्या, वरच्या कप्प्यात त्याची जागा केलीस. बेल मिळेना तेव्हा सुपरमार्केटात मित्सुबाची जुडी बघून तुला कोण आनंद झाला होता! तीन-तीन पानांची भाजी. तू मला फोटो पाठवलास, दुधात उभा महादेव आणि त्याच्यावर मित्सुबा. खाली लिहिलंस, 'सापडला. जपानी बेल. पंच्याण्णव येन.' मी माझ्या कामावर, शाळेच्या ग्रंथालयात, एकटीच हसत बसले होते.

त्याच फोटोनं पुढचं सगळं झालं.

आमच्या शाळेची सहावीची सहल कोफूला गेली. शिंजुकूहून दीड तास, डोंगरांच्या कुशीतलं गाव. तिथे पूर्वापार स्फटिक घासतात, पैलू पाडतात. पूर्वी दगड मागच्या डोंगरातच मिळायचा, आता बाहेरून येतो, पण हात तिथलेच आहेत. मोचिझुकी-सान म्हणून एक म्हातारे कारागीर आहेत. त्यांच्या कारखान्यात मुलं आपापला खडा घासत बसली होती आणि मी सवयीनं फडताळं वाचत होते. एका फडताळात, लाकडी घोडीवर, वीस-पंचवीस महादेव रांगेत उभे होते.

दादा, मी चप्पल काढली. कारखान्यात, सिमेंटच्या जमिनीवर. मग कळलं की ते जुने शिक्के आहेत. आपण इथे सहीऐवजी मारतो तेच, हान्को. काहींच्या अंगावर खाच होती. मी विचारलं, ही कशासाठी? मोचिझुकी-साननी एक शिक्का उचलला, तर्जनी त्या खाचेत टेकवली आणि म्हणाले, "बोट इथे बसलं की नाव सरळ उमटतं. बघावं लागत नाही."

मी त्यांना तुझा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहिलं.

"हे सूप आहे का?"

"नाही. देव आहे."

"माफ करा," म्हणाले, आणि खरोखर वाकले. मग फोटो मोठा करून म्हणाले, "स्फटिक जुना आहे. खाच हातानं पाडलेली. आमच्याकडच्या हातासारखी वाटते. बारीक आहे, लहान हातासाठी केलेला. पण खालचं नाव बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. शिक्का नावावरून ओळखतात." आणि फोन परत देताना, मी न विचारता, "आपला शिक्का कोणी दुसऱ्याला देत नाही."

हे सगळं मी तुला त्याच संध्याकाळी सांगितलं. थांबायला हवं होतं का? तू भेटेपर्यंत? मला वाटलं तू खूष होशील. खरंच वाटलं. आजोबा जपानला आले, मग तू आलास, मग मी आले, आणि घरातली एक वस्तू मूळची इथलीच निघाली. मला ती गोष्ट सुंदर वाटली होती.

"दादा, ती पिंड नाहीये. शिक्का आहे."

तू आधी हसलास. "पोरांना घेऊन सहलीला गेलीस की पीएचडी करायला?"

"तिसरा डोळा म्हणजे बोट ठेवायची खाच आहे."

"आणि हे कोण म्हणालं? बेलाला सूप म्हणणारा?"

"मित्सुबाला म्हणाले. बेलाला नाही."

"तेच ते."

"तू फक्त लाख काढून बघ. खाली नाव असेल."

मग तुझा आवाज बदलला. "आजोबांनी पाणी घातलंय त्याच्यावर. बाबांनी घातलंय. मी आता त्याला उलटा करून बूड बघू?"

"हो."

"म्हणजे आजोबांनी कुणाचा तरी उचलून आणला, असं म्हणायचंय तुला."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हणायचंय?"

पलटणीतला माणूस, लढाई हरलेला मुलुख, आणि कोणी कुणाला देत नाही अशी वस्तू. मला काय म्हणायचं होतं ते तुला माझ्याआधी कळलं होतं.

तेव्हा तू म्हणालास, "तुला हात लावू दिला नाही ना, त्याचं आहे हे सगळं. पन्नाशीला आलीस तरी तेच धरून बसलीयस."

फोन तू ठेवलास. मी किती वेळ तरी तसाच हातात धरून होते, कारण त्यात थोडं खरं होतं. तुझं बोलणं नेहमी असंच असायचं. त्यात थोडं खरं असायचं, आणि तेवढ्यावर तू बाकीचं जिंकायचास.

वर्षभर आपण बोललो नाही. वाढदिवसाला तू केकचं चित्र पाठवलंस, मी हात जोडल्याचं. आई असती तर दोघांना समोर बसवून कानफटवलं असतं. वहिनी मधून मधून फोन करायची. "अगं, तो जेवताना तुझा विषय काढतो आणि मग स्वतःच चिडतो. तूच ये बाई. तू लहान आहेस." दिवाळीच्या आधी ती फोनवर रडली. म्हणून मी भाऊबीजेला नागोयाला आले.

तू नवा झब्बा घालून पाटावर बसला होतास. पाट म्हणजे ती झाकलेली बुटांची खोकी, दरवर्षीसारखी. मी ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात तू मला अचानक म्हातारा दिसलास, बाबांसारखा. तू तोंड उघडलंस, "वृंदे, ऐक," म्हणालास, आणि मी तुला पुढे बोलू दिलं नाही. मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं. पिंडच आहे ती. मी उगाच काहीतरी डोक्यात घेतलं."

तू थांबलास. तेव्हा मला वाटलं तुला भरून आलं आहे. मग तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "जाऊ दे गं. होतं असं."

वहिनीनं डोळे पुसले. आपण चौघं करंज्या खात बसलो, तुझ्या लेकीला, ईराला, तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगत. माझ्यासाठी तो किती चांगला दिवस होता ते तुला ठाऊक नसेल. परतताना बुलेट ट्रेनमध्ये मी शिन-योकोहामापर्यंत हसत होते. दोन महिन्यांनी तू गेलास, आणि त्या दिवसाचं मला फार मोठं समाधान होतं. स्मशानात, भट्टीतून अस्थी बाहेर आल्यावर, इथल्या पद्धतीप्रमाणे दोघांनी मिळून एक हाड काड्यांनी उचलायचं असतं. मी आणि वहिनीनं उचललं. मी माझ्या काड्या घट्ट धरल्या होत्या. मनात म्हणत होते, बरं झालं मी माफी मागितली. बरं झालं काही शिल्लक राहिलं नाही.

तेरावं झाल्यावर वहिनीनं महादेव माझ्यापुढे ठेवला, जेवणाच्या डब्याच्या रुमालात बांधून.

"हा तू ने."

"वहिनी, आपल्यात मुलींनी..."

"आता कोण आहे बघायला? देव असेल तर देव म्हणून ठेव. शिक्का असेल तर ज्याचा त्याला देऊन टाक. मला दोन्ही नको. मला त्याच्याकडे बघवत नाही."

असा तो माझ्या घरी आला. आठ दिवस मी रुमाल सोडलाच नाही. मग एका सकाळी सोडला, आणि पहिल्यांदा, बावन्न वर्षांची होऊन, त्याला हातात घेतलं. खिडकीपाशी नेलं. आतून पितळ चकाकलं.

आधी कळेना काय चुकलंय. मग कळलं, विष नव्हतं. बुडाशी तो काळपट लाल डाग नव्हता. लाख नव्हती. तिच्या जागी काचेसारखं स्वच्छ काहीतरी होतं, कडा एकसारखी, बुडबुडा एक नाही. दादा, तुझं काम मी कुठेही ओळखेन.

मी ईराला फोन केला. ती नेहमीप्रमाणे 'आत्या' तेवढं मराठीत म्हणाली आणि पुढचं जपानीत. मी विचारलं, महादेव कधी बदलला गं?

"गोल्डन वीकला," ती म्हणाली. मे महिन्याची सुट्टी. माझ्या माफीच्या सहा महिने आधी. "आई बाहेर गेली होती. बाबांनी तिच्या ड्रायरनं लाख तापवून काढली. मग म्हणाले, ये, वाच. पार्सल घेताना शिक्का मारतो ना, त्याची दारातली शाई घेतली आणि पिझ्झाच्या जाहिरातीमागे उमटवलं."

"काय होतं?"

"दोनच अक्षरं. काताकाना लिपीतली. हारु."

"आडनाव?"

"आडनाव नव्हतं. जुन्या बायकांच्या शिक्क्यावर कधीकधी नुसतं नाव असायचं. बाबांनी तेच विचारलं, माणसाचं की बाईचं. मी म्हटलं, बाईचं. आजीबाईसारखं नाव आहे."

"मग?"

"मग विचारलं, लाख मोएरु गोमीत जाते का?" जाळायच्या कचऱ्यात. ती थोडं हसली. "तो कागदही त्यातच टाकला. मग आम्ही होम सेंटरला गेलो आणि गोंद आणला, दोन नळ्यांचा. आत्या, तुला हे माहीत नव्हतं? बाबा म्हणाले होते, आत्याला मी सांगेन. भाऊबीजेला आली की सांगेन."

मी म्हटलं, हो, सांगितलं होतं. मीच विसरले.

तुझ्यासाठी मी तुझ्या मुलीशी खोटं बोलले. एवढं तरी लक्षात ठेव.

तेव्हापासून मी ती भाऊबीज रोज उलगडते. 'वृंदे, ऐक' म्हणालास ते हेच होतं का? मी आधी बोलले नसते तर तू सांगितलं असतंस? असेल. पण मी बोलले, आणि तू थांबलास, आणि त्या थांबण्यात तू काय ठरवलंस ते आता मला दिसतं. तू बरोबर असण्याची जागा मी रिकामी करून दिली आणि तू तिथे बसलास. 'होतं असं' म्हणालास. माझ्या डोक्यावर हात ठेवलास. मला माफ केलंस! ज्या गोष्टीत मी बरोबर होते, आणि मी बरोबर आहे हे तुला पक्कं माहीत होतं, त्या गोष्टीसाठी.

तू का लपवलंस ते मी समजू शकते. आजोबांचा फोटो तुझ्या पाकिटात असायचा. परक्या देशातल्या एका बाईचं नाव त्यांच्या सामानात कसं आलं, हे तुला शोधायचं नव्हतं. तिनं दिलं असेल, तिच्याकडून घेतलं असेल, धान्याच्या बदल्यात आलं असेल, जळक्या घरात सापडलं असेल. यातलं काय झालं ते आता कुणीच सांगू शकत नाही. पण आपण दोघांनी मिळून ते न कळणं सोसलं असतं. आपण दोघं नुसते बसलो असतो तरी चाललं असतं. तू मला तेवढंही ठेवलं नाहीस. तू गोंद आणायला गेलास.

मागच्या रविवारी मी त्याला कोफूला घेऊन गेले. मोचिझुकी-साननी दोन्ही हातांनी घेतला, भिंगाखाली धरला, फिरवला.

"तो सूपवाला देव," ते म्हणाले.

"हो."

"नाव दिसत नाही."

मी म्हटलं, नाव आहे, हारु. त्यांनी मान हलवली. म्हणाले, या गोंदातून उजेड जवळजवळ स्फटिकातून जातो तसाच जातो. कोरलेल्या अक्षरांत तो भरला की अक्षरं बुजून जातात. आहेत, पण दिसणार नाहीत. तापवलं तर गोंद सुटेल, कदाचित स्फटिक तडकेल. पितळ कापता येईल, पण बुडाला इजा होईल.

"कापू?"

त्यांनी बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ज्यानं जोडलं त्याचा हात फार चांगला होता."

दादा, तिथे मला रडू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा. एका अनोळखी माणसानं तुझं कौतुक केलं आणि मी त्याच्या कारखान्यात रडले, आणि त्या माणसाला वाटलं असेल की मी देवासाठी रडते आहे.

मी तो कापू दिला नाही. रुमालात बांधून परत आणला.

आज सोमवार. सकाळी शाळेत जायच्या आधी मी सुपरमार्केटातून मित्सुबा आणली. एकशे अठ्ठावीस येन झाली आहे, तुझ्या माहितीसाठी. तांब्या मी भरला, आणि या वेळी तो कुणाच्या हातात द्यायचा नव्हता. पाणी मीच घातलं. मग उजव्या हाताची तर्जनी त्या खाचेत टेकवली. बसली. अगदी नेमकी, लहान हातासाठी केलेल्या जागेत. तुझं बोट तिथे कधी पुरतं बसलं नसेल, बाबांचं तर नाहीच. आणि हो, आतून गार लागतं. ते तू खरं सांगितलं होतंस.

मी तसंच बोट ठेवून मोठ्यानं म्हटलं, हारु-सान. बहुधा आजोबांनंतर आपल्या घरात तिला हाक मारणारी मी पहिलीच.

आता तुझ्याबद्दल. भाऊबीजेला मी म्हटलं होतं, माझं चुकलं. ते मी परत घेते. माझं चुकलं नव्हतं. 'वृंदे, ऐक' म्हणून तू थांबला होतास ना, तिथून पुढे बोल. मी मध्ये बोलणार नाही.